दगड सापडलाच नाही: तुंगुस्काचा स्फोट आणि आरशापलीकडचं जग

३० जून १९०८ ची सकाळ. पूर्व सायबेरियातल्या वानावारा नावाच्या छोट्याशा व्यापारी ठाण्यात सेम्योनोव नावाचा माणूस घराच्या ओसरीवर उत्तरेकडे तोंड करून बसला होता. सात वाजून गेले होते. बघता बघता आभाळ दुभंगलं आणि जंगलाच्या वर, खूप उंचावर, आग पसरली. अंगाला अशी झळ बसली की सदऱ्याने पेट घेतला असं वाटून तो काढायला त्याचा हात गेला. तेवढ्यात आभाळ मिटलं, प्रचंड धमाका झाला आणि सेम्योनोव काही मीटर लांब फेकला गेला. थोड्या वेळाने शुद्धीवर आला तेव्हा खिडक्यांच्या काचा फुटल्या होत्या आणि कोठाराच्या दाराची लोखंडी कडी मोडली होती. स्फोटाची जागा तिथून सुमारे ६५ किलोमीटरवर होती.

हाच तो तुंगुस्काचा स्फोट. पोदकामेन्नाया तुंगुस्का नदीच्या परिसरात सुमारे २,१५० चौरस किलोमीटरचं जंगल आडवं झालं. म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ४६ किलोमीटर चालावं लागेल एवढा चौकोन मनात आणा. पडलेली झाडं अंदाजे ८ कोटी. इर्कुत्स्कच्या वेधशाळेत भूकंपमापकाची सुई हलली. हवेतून गेलेली दाबाची लाट थेट इंग्लंडमधल्या यंत्रांनी टिपली. त्यानंतरच्या काही रात्री युरोपभर आकाश इतकं उजळ राहिलं की लंडनमध्ये मध्यरात्री उघड्यावर वर्तमानपत्र वाचता येत होतं.

आणि एवढं सगळं करून गेलेल्या वस्तूचा मागमूस नाही. खड्डा नाही, दगड नाही, लोखंडाचा तुकडा नाही. गेली शंभरहून अधिक वर्षं शोध घेणाऱ्यांना छळणारी गोष्ट ही आहे. या रिकाम्या जागेत लोकांनी काय काय बसवलं! प्रतिद्रव्य, कृष्णविवर, परग्रहावरचं यान, आणि शेवटी एक समांतर जग. यातली शेवटची कल्पना सवंग वाटेल, पण ती एका व्यावसायिक भौतिकशास्त्रज्ञाने गणितासकट मांडली होती. तिला हसून सोडून देणं सोपं आहे. पण ती नीट समजून घेतली आणि ती कशी तपासली गेली हे पाहिलं, तर तपास म्हणजे काय असतं ते फार छान कळतं. हा लेख त्यासाठी आहे.

कुलिक आणि उभी झाडं

पहिला तपासनीस पोहोचला तो स्फोटानंतर १९ वर्षांनी. लिओनिद कुलिक हा अशनींचा, म्हणजे आकाशातून जमिनीवर पडलेल्या दगडांचा अभ्यासक. मधल्या काळात रशियात महायुद्ध, क्रांती आणि यादवी होऊन गेली होती, तेव्हा दुर्गम जंगलातल्या स्फोटाकडे बघायला कोणाला सवड नव्हती. १९२१ मध्ये कुलिकच्या हाती जुन्या दिनदर्शिकेचं एक पान आलं. त्यात रेल्वेमार्गाजवळ मोठा अशनी पडल्याची हकीकत होती. ती बरीचशी चुकीची होती, पण त्या पानाने त्याला आयुष्यभराचं वेड लावलं.

१९२७ मध्ये तो वानावाराला पोहोचला. त्या भागात राहणारे, रेनडियर पाळणारे एवेंकी लोक त्या जागेकडे फिरकत नसत. ओग्दी हा मेघगर्जनेचा देव तिथे कोपून उतरला, अशी त्यांची समजूत होती. कुलिकने कशीबशी वाटाड्यांची सोबत मिळवली आणि शेवटी एका टेकडीवरून त्याला ते दृश्य दिसलं. नजर जाईल तिथवर झाडं आडवी, सगळ्यांची मुळं एकाच बाजूला, शेंडे दुसऱ्या बाजूला. मुळं ज्या दिशेला, तिकडे स्फोटाचं केंद्र. म्हणजे पडलेल्या झाडांचा माग काढत गेलं की आपोआप मधोमध पोहोचायचं, आणि तिथे असणार तो भलामोठा खड्डा.

मधोमध पोहोचल्यावर दिसली उभी झाडं. फांद्या सोलून काढल्यासारख्या, साल करपलेली, मेलेली, पण सरळ उभी. तारायंत्राच्या खांबांचं जंगल असावं तशी.

कुलिकला याचा अर्थ लागला नाही. त्याने आसपासच्या दलदलीतले गोल खळगे अशनीच्या तुकड्यांनी पडले असावेत असं धरलं. त्यातला एक खळगा चर खणून, पाणी काढून रिकामा केला. कडाक्याच्या थंडीत, डासांच्या झुंडीत, अपुऱ्या अन्नावर माणसं महिनोन्‌महिने राबली. तळाशी निघालं एका झाडाचं मूळ धरून उभं असलेलं बुंध्याचं थोटूक. वरून दगड कोसळून खळगा पडला असता तर ते थोटूक तिथे शाबूत राहिलंच नसतं. गोठलेल्या जमिनीतला बर्फ जागोजागी वितळून ती खचते, तेव्हा असे खळगे आपोआप पडतात. कुलिकने तरीही आशा सोडली नाही. पुढे १९३८ मध्ये त्याने विमानातून त्या भागाची छायाचित्रं घेतली. दुसऱ्या महायुद्धात तो स्वेच्छेने लढायला गेला, जर्मनांच्या कैदेत सापडला आणि १९४२ मध्ये तिथेच विषमज्वरासारख्या साथीच्या तापाने गेला. त्याला त्याचा दगड मिळाला नाही. त्याने घेतलेल्या त्या हवाई छायाचित्रांच्या मूळ फिती (निगेटिव्ह) १९७५ मध्ये आगीचा धोका म्हणून जाळून टाकण्यात आल्या. छापील प्रती उरल्या एवढंच. हे वाचताना मला आजही वाईट वाटतं.

उभ्या झाडांचं कोडं सुटलं ते १९४५ नंतर, आणि फार वाईट मार्गाने. हिरोशिमावर अणुबॉम्ब जमिनीवर नाही, हवेत फुटला होता. बॉम्बच्या अगदी खाली काही झाडं उभी राहिली होती, कारण त्यांच्यावर धक्क्याची लाट वरून सरळ खाली आली. सरळ वरून दाब आला तर फांद्या मोडतात, खोड टिकतं. लाट तिरकी आली की खोड आडवं होतं. म्हणजे तुंगुस्कातही काहीतरी हवेतच फुटलं होतं, जमिनीपासून ५ ते १० किलोमीटर उंचीवर. खड्डा नव्हता, कारण जमिनीला काही लागलंच नव्हतं.

इथून कल्पनांचे घोडे उधळले. १९४६ मध्ये एका सोव्हिएत लेखकाने विज्ञानकथेत इथे परग्रहावरचं अणुयान फुटल्याचं रंगवलं, आणि ती कथा इतकी पसरली की ती खोटी पाडायला का होईना, पण माणसं जंगलात जाऊ लागली. १९५९ पासून सायबेरियातल्या तोम्स्क शहरातले हौशी संशोधक, विद्यार्थी, डॉक्टर, गणिती दर उन्हाळ्यात स्वतःच्या खर्चाने तिथे जात राहिले. गेनादी प्लेखानोव आणि निकोलाय वासिल्येव ही त्यातली ठळक नावं. किरणोत्सार मोजला. अणुस्फोटाची खूण सापडली नाही. विल्हेल्म फास्ट या गणितज्ञाने हजारो पडक्या झाडांची दिशा एकेक करून मोजायचं काम हाती घेतलं. कंपास धरायचा, खोड कुठे झुकलंय ते लिहायचं, पुढच्या खोडाकडे जायचं. वर्षानुवर्षं हेच. त्यातून जो नकाशा तयार झाला तो गोल नव्हता. पंख पसरलेल्या फुलपाखरासारखा होता.

या फुलपाखराचा अर्थ लावायला मॉस्कोत झोतकिन आणि त्सिकुलिन या दोघांनी १९६० च्या दशकात केलेला प्रयोग मला तपासाच्या इतिहासातला एक अतिशय देखणा प्रयोग वाटतो. त्यांनी प्रयोगशाळेत काड्यांचं बुटकं जंगल उभं केलं. त्यावर तिरकी तार ताणली. तारेवर स्फोटक वात बसवली आणि टोकाला छोटा बार. वात तारेवरून जळत खाली येते, म्हणजे हवेतून घुसणारी वस्तू. टोकाचा बार उडतो, म्हणजे शेवटचा स्फोट. तारेचा कोन बदलत गेले, दर वेळी काड्या कशा पडतात ते बघत गेले. कोन जमिनीशी ३० अंशांच्या आसपास आला तेव्हा काड्या फुलपाखराच्या आकारात पडल्या. कोणतीही वस्तू हाती नसताना तिची वाट कळली.

पण वस्तू कोणती?

तीन धाडसी उत्तरं

१९६५ मध्ये क्लाइड कोवन, अत्लुरी आणि विलर्ड लिबी यांनी 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत प्रतिद्रव्याची, म्हणजे उलट्या विद्युतभाराच्या कणांनी बनलेल्या द्रव्याची शक्यता मांडली. ही ऐरीगैरी नावं नव्हेत. कोवन हा न्यूट्रिनो नावाचा, सहसा कशालाच न अडणारा सूक्ष्म कण शोधणाऱ्या जोडीतला एक, लिबी म्हणजे कार्बन-१४ या किरणोत्सारी कार्बनवरून वय काढण्याच्या पद्धतीचा जनक, १९६० चा नोबेल मानकरी. द्रव्य आणि प्रतिद्रव्य भेटलं की दोन्ही नष्ट होतात आणि ऊर्जा उरते, मग मागे दगड राहण्याचा प्रश्नच नाही. पण अशा वेळी हवेत जादा कार्बन-१४ तयार व्हायला हवा आणि तो झाडांच्या वाढवलयांत सापडायला हवा. त्यांनी अमेरिकेतल्या जुन्या झाडांची वलयं तपासली. १९०९ च्या वलयात किंचित वाढ दिसली, पण अशी चढउतार एरवीही होते. शिवाय प्रतिद्रव्याचा गोळा हवेच्या अगदी वरच्या थरातच फुटायला लागला असता. तो ५-१० किलोमीटरपर्यंत खाली कसा आला, याला उत्तर नाही.

१९७३ मध्ये जॅक्सन आणि रायन यांनी छोट्या कृष्णविवराची कल्पना 'नेचर'मध्येच मांडली. ते पृथ्वीत घुसून पलीकडे, उत्तर अटलांटिकमध्ये बाहेर पडलं असतं. तसं झालं असतं तर तिकडेही हवेत आणि पाण्यात तसाच दणका बसला असता. नोंदी पाहिल्या. काही नाही. पुढच्या वर्षी कल्पना निकालात निघाली.

तिसरं उत्तर समांतर जगाचं. ते समजायला थोडं मागे जावं लागेल.

समांतर जग म्हटलं की दुसरी पृथ्वी आणि तिथे दुसरे आपण, असं चित्र उभं राहतं. इथे तसं काही नाही. सुरुवात एका साध्या प्रश्नापासून होते: निसर्गाला डावं-उजवं कळतं का? एक भोवरा आरशासमोर फिरवा. खरा भोवरा वरून पाहिल्यावर घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरत असेल तर आरशातला उलटा फिरताना दिसेल. पण आरशातला भोवरा पाहून 'हे अशक्य आहे' असं कोणी म्हणणार नाही. उलटा फिरणारा भोवरा खरोखरही फिरवता येतो. निसर्गाचे सगळे नियम असेच असणार, आरशातलं दृश्यही तितकंच शक्य असणार, असं भौतिकशास्त्रज्ञ धरून चालले होते.

१९५६ मध्ये त्सुंग-दाओ ली आणि चेन-निंग यांग यांनी विचारलं, की हे तपासलं कोणी आहे का? किरणोत्सारामागे जे दुर्बल बल असतं त्याच्या बाबतीत कोणीच तपासलं नव्हतं. च्येन-श्युंग वू यांनी वॉशिंग्टनमध्ये ते तपासलं. कोबाल्ट-६० चे अणू शून्याच्या अगदी जवळच्या तापमानाला थंड केले, चुंबकाने त्यांच्या केंद्रकांच्या गिरक्या एका दिशेला लावल्या आणि त्यातून निघणारे इलेक्ट्रॉन मोजले. इलेक्ट्रॉन दोन्ही बाजूंना सारखे निघाले असते तर निसर्गाला डावं-उजवं कळत नाही असं ठरलं असतं. ते एकाच बाजूला जास्त निघाले. १९५७ चं नोबेल ली आणि यांग यांना मिळालं. वू यांना मिळालं नाही, आणि तो अन्याय होता असंच माझं मत आहे.

म्हणजे निसर्ग या बाबतीत डावखुरा निघाला. पण ली आणि यांग यांनी त्याच लेखात एक पळवाटही सुचवली होती. आपल्या कणांबरोबर उजव्या हाताचे जुळे कणही असतील तर? आपल्याकडची डावी बाजू आणि त्यांच्याकडची उजवी मिळून हिशोब पुन्हा सारखा होईल. १९६६ मध्ये कोबझारेव, ओकून आणि पोमेरांचुक या सोव्हिएत शास्त्रज्ञांनी ही कल्पना पुढे नेली. त्यांनी दाखवलं की असे जुळे कण आपल्या प्रकाशाला, विजेला, अणुबलाला प्रतिसाद देऊ शकत नाहीत, नाहीतर ते केव्हाच सापडले असते. सामाईक राहतं ते गुरुत्वाकर्षण. यालाच आरसा-द्रव्य म्हणतात.

आता हे जवळून पाहू. तुम्ही खुर्चीवर बसता आणि खाली पडत नाही ते कशामुळे? खुर्ची 'भरीव' असते म्हणून नव्हे. अणू तर बहुतांशी पोकळच असतात. खुर्चीच्या अणूंमधले इलेक्ट्रॉन तुमच्या अणूंमधल्या इलेक्ट्रॉनांना विजेच्या जोरावर दूर ढकलतात म्हणून. आरसा-द्रव्याचा खडा त्या खुर्चीवर ठेवायला गेलात तर त्याच्या इलेक्ट्रॉनांना आपली वीज जाणवणारच नाही. तो खुर्चीतून, जमिनीतून आरपार खाली जाईल. तो दिसणारही नाही, कारण आपला प्रकाश त्याच्यावर पडून परत येत नाही. पण त्याचं वजन असेल. म्हणजे हे समांतर जग दुसरीकडे कुठे नाही. असलंच तर इथेच, याच जागेत, आपल्यातून जाणारं-येणारं.

फूटचं म्हणणं

ऑस्ट्रेलियातले भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट फूट यांनी २००१ मध्ये हे सगळं तुंगुस्काला लावून पाहिलं. सूर्यमालेत आरसा-द्रव्याचे छोटे गोळे फिरत असतील आणि त्यातला एक पृथ्वीवर आला असेल तर? गुरुत्वाकर्षण सोडून काहीच सामाईक नसेल तर तो पृथ्वीतून गुपचूप आरपार गेला असता आणि कोणाला कळलंही नसतं. पण सिद्धांतात एक फट आहे. आपला प्रकाशकण आणि त्यांचा प्रकाशकण यांची अगदी बारीकशी सरमिसळ होऊ शकते. तशी ती असेल तर आरसा-इलेक्ट्रॉनांना आपल्या दृष्टीने नावापुरता विद्युतभार येतो. मग हवेचे अणू त्या गोळ्याच्या आत घुसून घासत जातात, गोळा आतून तापतो, हवेत फुटतो, आणि मागे उरतं ते आपल्या डोळ्यांना न दिसणारं द्रव्य. खड्डा नाही, दगड नाही.

फूट यांच्याबद्दल मला आदर वाटतो तो पुढच्या वाक्यासाठी. अशा ठिकाणी आरसा-द्रव्य जमिनीत अडकून राहिलं असेल, तेव्हा तिथे खणून बघा, असं त्यांनी लिहिलं. पुढे सहकाऱ्याबरोबर ते शोधायचं कसं तेही सांगितलं. अशा मातीचं वजन असायला हवं त्यापेक्षा जास्त भरेल. जोरात फिरणाऱ्या यंत्रात टाकली तर जडपणात फरक पडेल. आणि ती माती आजूबाजूपेक्षा थोडी थंड राहील, कारण तिची उष्णता आरसा-प्रकाशाच्या रूपाने निसटत राहील आणि आपल्याला तो प्रकाश अडवता येणार नाही.

'सगळं समांतर जगामुळे झालं' असं म्हणून थांबणं वेगळं आणि 'म्हणून तिथली माती थंड असायला हवी' असं म्हणणं वेगळं. पहिल्या वाक्याचं तपासनीस काहीच करू शकत नाही. दुसऱ्यावर थर्मामीटर लावता येतो.

या कल्पनेचा एक आधार मात्र दुसऱ्याच ठिकाणी होता. इलेक्ट्रॉन आणि त्याचा प्रतिकण पॉझिट्रॉन काही काळ एकमेकांभोवती जोडी करून राहतात. या जोडीच्या एका प्रकाराला ऑर्थोपॉझिट्रोनियम म्हणतात आणि तिचं आयुष्य असतं सेकंदाच्या एक कोटीव्या भागाहून थोडं जास्त. १९९० च्या सुमारास अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात मोजलं तेव्हा ही जोडी सिद्धांताने सांगितलेल्या वेळेपेक्षा किंचित आधी संपताना दिसली. काही जोड्या आरशापलीकडे निसटत असतील का? फूट यांच्या हिशोबातली सरमिसळ या आकड्यावरही उभी होती. २००३ मध्ये मिशिगनच्याच गटाने सुधारलेल्या पद्धतीने पुन्हा मोजलं. आकडा सिद्धांताशी जुळला. निसटत काहीच नव्हतं. मोजणीतली चूक ज्यांनी केली त्यांनीच ती शोधून जाहीर केली, हे इथे मुद्दाम सांगावंसं वाटतं.

दुसरी झडती न्यूट्रॉनची. अणूच्या बाहेर मोकळा न्यूट्रॉन साधारण पंधरा मिनिटांत विघटित होतो. हे आयुष्य मोजायच्या दोन रीती आहेत. एक, न्यूट्रॉन बाटलीसारख्या सापळ्यात कोंडायचे आणि ठरावीक वेळाने किती उरले ते मोजायचे. दोन, न्यूट्रॉनांची धार सोडायची आणि विघटनातून किती प्रोटॉन निघतात ते मोजायचे. बाटलीत आयुष्य सुमारे ८७८ सेकंद येतं, धारेत सुमारे ८८८. दहा सेकंदांचा हा फरक कित्येक वर्षं मिटलेला नाही. बाटलीतून काही न्यूट्रॉन विघटित न होता गायब होत असतील, म्हणजे आरसा-न्यूट्रॉन बनून पलीकडे जात असतील, तर बाटलीतलं आयुष्य कमी दिसेल. कल्पना नीट बसते.

अमेरिकेत टेनेसीतल्या ओक रिज प्रयोगशाळेत लिआ ब्रुसार्ड यांच्या गटाने याची जी परीक्षा घेतली ती एखाद्या सापळ्यासारखी आहे. न्यूट्रॉनांचा झोत चुंबकीय क्षेत्रातून सोडायचा. वाटेत बोरॉन कार्बाइडची भिंत उभी करायची. बोरॉन न्यूट्रॉन गिळतो, त्यामुळे साधा न्यूट्रॉन पलीकडे जाऊच शकत नाही. भिंतीआधी जो आरसा-न्यूट्रॉन झाला असेल तो मात्र भिंतीतून आरपार जाईल, कारण भिंत त्याच्यासाठी नाहीच. पलीकडच्या चुंबकीय क्षेत्रात तो पुन्हा साधा होईल आणि न्यूट्रॉन मोजणाऱ्या यंत्रात वाजेल. भिंतीपलीकडे न्यूट्रॉन वाजला तर तो आरशापलीकडून जाऊन आलेला.

या प्रयोगाची बातमी २०१९ मध्ये 'समांतर विश्वाचं दार उघडणार' अशा मथळ्यांनी जगभर गेली. निकाल २०२२ मध्ये छापून आला, तेव्हा फारशी बातमी झाली नाही. भिंतीपलीकडे अपेक्षेपेक्षा जास्त काही वाजलं नव्हतं. दहा सेकंदांच्या फरकाचं निदान या प्रकारचं स्पष्टीकरण त्यामुळे बाद झालं.

मथळ्यांचं असंच २०२० मध्ये झालं. अंटार्क्टिकावर फुग्याला टांगून उडवलेल्या अनिता या यंत्राने २००६ आणि २०१४ च्या उड्डाणांत बर्फाखालून वर येणारे दोन विचित्र संकेत टिपले होते. त्यावरून 'नासाला समांतर विश्व सापडलं' अशा बातम्या झाल्या. असं काही सापडलं नव्हतं.

मग आलं काय होतं?

१५ फेब्रुवारी २०१३ ला रशियातल्याच चेल्याबिन्स्क शहरावर सुमारे २० मीटर व्यासाचा दगड सेकंदाला १९ किलोमीटर वेगाने आला आणि साधारण ३० किलोमीटर उंचीवर फुटला. या वेळी मोटारींत, इमारतींवर कॅमेरे होते. उजेड पाहून लोक खिडक्यांशी गेले, आणि धक्क्याची लाट मिनिट-दोन मिनिटांनी पोहोचली तेव्हा काचा त्यांच्या तोंडावर फुटल्या. सुमारे १,५०० जण जखमी झाले. सेम्योनोवने सांगितलं होतं तेच, त्याच क्रमाने: आधी उजेड आणि झळ, मग दणका, मग काचा.

तुंगुस्कासाठी यातली महत्त्वाची गोष्ट दगडाच्या उरलेल्या भागात आहे. आलेला दगड १२,००० टनांच्या घरातला होता. जमिनीपर्यंत पोहोचला तो त्याचा हजारावा भागसुद्धा नव्हे. बाकीच्याची हवेतच वाफ आणि धूळ झाली. सगळ्यात मोठा तुकडा चेबार्कुल तळ्याच्या गोठलेल्या पृष्ठभागाला भोक पाडून बुडाला, आणि ते भोक नेमकं कुठे आहे हे माहीत असूनही सुमारे ६५० किलोचा तो दगड वर काढायला ऑक्टोबर उजाडला. बाकीचे खडे लोकांनी पांढऱ्या बर्फावर काळे ठिपके शोधत वेचले, तेही लगोलग.

आता कुलिककडे परत या. त्याची वस्तू याहून मोठी, ५० ते ८० मीटरची होती आणि फुटली कितीतरी खाली. ऊर्जेचे अंदाज ३ ते १५ मेगाटन, म्हणजे हिरोशिमाच्या किमान २०० पट. तो पोहोचला १९ वर्षांनी, उन्हाळ्यात चिखल आणि हिवाळ्यात दगडासारखी गोठणारी दलदल उपसायला. तिथे दगड न सापडणं यात समांतर जगाची गरज पडावी असं काही नव्हतं. तो शोधत होता एक मोठा तुकडा, आणि उरली होती धूळ.

ती धूळ सापडली. १९६१ आणि १९६२ मध्ये किरिल फ्लोरेन्स्कीच्या मोहिमांनी तिथली माती चाळली, तेव्हा सूक्ष्मदर्शकाखाली दिसतील असे सिलिकेट आणि मॅग्नेटाइटचे गोळे मिळाले. त्यांतल्या काहींत निकेलचं प्रमाण आकाशातून येणाऱ्या दगडांत असतं तसं होतं. अशी धूळ पृथ्वीवर सतत थोडीथोडी पडतच असते, म्हणून एवढ्याने खटला निकाली निघत नाही. १९०८ च्या त्याच दिवसांतली धूळ हवी होती.

इटलीतल्या बोलोन्या विद्यापीठाच्या गटाने ती शोधली झाडांच्या डिंकात. स्फोटातून काही झाडं वाचली होती. त्यांच्या फांद्या मोडल्या, सालीला चिरा गेल्या, आणि जखमेवर झाड जो चीक सोडतं तो पाझरला. ताज्या चिकाला हवेतले कण चिकटतात, मग चीक घट्ट होतो आणि वर नवं लाकूड चढतं. झाडाचं एकेक वलय मोजत गेलं की १९०८ चा डिंक वेगळा काढता येतो. संशोधकांनी खोडांतून पेन्सिलीएवढ्या जाडीच्या कांड्या काढल्या, डिंकातले कण वर्षवार मोजले आणि त्यांत काय आहे ते तपासलं. १९०८ च्या आगेमागे कणांची संख्या ठळकपणे वाढलेली होती, आणि दगडी लघुग्रहात असतात तशी मूलद्रव्यं त्यांत होती.

आलेली वस्तू धूमकेतू होती की लघुग्रह, हा वाद यानेही पूर्ण मिटलेला नाही. बोलोन्याच्याच काही शास्त्रज्ञांनी २००७ मध्ये जवळचं चेको तळं हाच तुकड्याने पडलेला खड्डा असं सुचवलं. रशियन संशोधकांनी तळाचा गाळ थर मोजून तपासला, तर तळं १९०८ च्या कितीतरी आधीचं निघालं. पुन्हा खड्डा हुकला. कुलिक गेला तेव्हा पडून असलेली खोडं आता बहुतेक कुजली आहेत, त्यांच्यामधून नवी लार्च आणि बर्च वाढून उंच झाली आहेत. स्फोट पाहिलेली काही म्हातारी झाडं मात्र त्यांच्यात अजून उभी आहेत आणि त्यांच्या आत, एका अरुंद वलयात, त्या सकाळचा डिंक आहे.